खंड्याची चोच आणि बुलेट ट्रेन : एक खुलासा

जपानची पहिली बुलेट ट्रेन खंड्या पक्ष्याच्या चोचीवरून घडवली आणि त्यामुळेच तिला वेग मिळाला, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो अर्धवट खरा आहे. 1964 मध्ये धावू लागलेल्या पहिल्या शिंकान्सेनचे नाक आखूड व गोलसर होते आणि तिचा वेग ताशी 210 किलोमीटर होता. चोचीची गोष्ट 1997 मध्ये सान्यो मार्गावर दाखल झालेल्या ‘500’ मालिकेतील गाडीची आहे.

तेथेही मूळ अडचण आवाजाची होती. सान्यो मार्गाचा जवळपास निम्मा भाग बोगद्यांतून जातो. गाडी वेगाने बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जाऊन दाबाची लाट ध्वनीच्या वेगाने पलीकडच्या तोंडाशी पोहोचते आणि तेथे मोठा धमाका होतो, ज्याचा त्रास बोगद्यालगतच्या वस्तीला होतो. अभियंते एजी नाकात्सु हे स्वतः पक्षीनिरीक्षक; पाण्यात फारसे तुषार न उडवता सूर मारणारा खंड्या त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यातून सुमारे 15 मीटर लांबीचे निमुळते नाक आले. सेवेच्या दृष्टीने ते महागच पडले, कारण टोकाच्या डब्यांतील आसने घटली. पुढच्या एन700 गाडीचे नाक 10.7 मीटरवरच थांबले.