कॉम्प्रेस्ड हवेतलं पाणी 'जळून' जात नाही

पावसाळा तोंडावर आला की लहान कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, आशय तोच : "एअर ड्रायर हे विकणाऱ्यांनी लावून दिलेलं खूळ आहे. कॉम्प्रेसरमध्ये हवा तापते, तिथेच पाणी जळून जातं. उरलंसुरलं टाकीत आणि फिल्टरमध्ये बसतं. आपल्याकडे आठ महिने हवा कोरडीच असते. ड्रायर नुसती वीज खातो, आणि लावला तरी पाणी येतंच." खाली अंगठ्यांची रांग. एअर ड्रायर म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेली हवा मशीनकडे जाण्याआधी तिच्यातलं पाणी काढणारं यंत्र. मी अनेक वर्षं हवेच्या लाईनी सांभाळतोय, आणि या मेसेजवर विसंबून ड्रायर बायपास केलेले, म्हणजे हवा त्याला वळसा देऊन नेलेले, कारखाने पाहिले आहेत. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"पाणी जळून जातं." पाणी जळत नाही. हवेत ते आधीपासूनच बाष्प म्हणून असतं. स्क्रू कॉम्प्रेसरच्या आत हवा 80-90 अंशांपर्यंत तापते आणि इतकी गरम हवा भरपूर बाष्प पोटात ठेवू शकते, म्हणून तिथे थेंब दिसत नाही. पण एक ग्रॅमही कमी झालेला नसतो. हिशोब करून बघा. 30 अंश तापमान, 80 टक्के आर्द्रता, म्हणजे आपल्याकडची पावसाळ्यातली साधी दुपार. अशा एका घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी असतं. 100 सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला 100 घनफूट हवेचा, कॉम्प्रेसर तासाला 170 घनमीटर हवा ओढतो. म्हणजे तासाला 4 लिटर, आणि आठ तासांच्या शिफ्टला 33 लिटर पाणी. पाण्याच्या 20 लिटरच्या जारच्या मापात दीड जारहून जास्त, रोज, हवेबरोबर आत येतं. ते कुठेतरी बाहेर पडणारच.

"उरलंसुरलं टाकीत आणि फिल्टरमध्ये बसतं." यात अर्धं खरं आहे आणि तेच अर्धं माणसाला फसवतं. आफ्टरकूलरने, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या गार करणाऱ्या भागाने, हवा 40 अंशांवर आणली की त्या 33 लिटरपैकी 24 लिटर खरोखरच सेपरेटर (थेंब वेगळे करणारा भाग) आणि रिसीव्हरमध्ये (हवेच्या टाकीत) पडतं. ड्रेन कॉक उघडल्यावर भसाभसा पाणी येतं आणि वाटतं, झालं, निघालं सगळं. राहिलेलं 9 लिटर मात्र बाष्प म्हणून पुढे जातं. ते दिसत नाही आणि फिल्टरला अडवताही येत नाही. एफआरएलचा (मशीनजवळच्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचा) बाऊल थेंब अडवतो, बाष्प नाही. गाळणीने वाफ कशी गाळणार? टाकीतून निघणारी हवा पूर्ण संपृक्त असते, म्हणजे तिच्या पोटात आणखी एका थेंबालाही जागा नसते. त्यामुळे पुढे पाइप एक अंश जरी गार झाला तरी लगेच पाणी सुटतं. कॉम्प्रेसर रूममध्ये 40 अंश आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला 28 अंश असेल, तर ते पाणी नेमकं त्या टोकाच्या मशीनमध्ये सुटणार.

तिथे काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघावं. ढिला चालणारा सिलिंडर खोलला की आत ग्रीस नसतं, चॉकलेटी रंगाचा पातळ रेंदा असतो : धुतलं गेलेलं ग्रीस, जीआय पाइपचा गंज आणि कॉम्प्रेसरचं तेल. सिलिंडरला हवा सोडणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हचा स्पूल (आतला सरकणारा दांडा) त्यात चिकटून बसतो. ऑपरेटर सांगतो, "व्हॉल्व्ह खराब आहे." नवा बसवतात, दोन महिन्यांनी तोही चिकटतो. दोष व्हॉल्व्हचा नसतोच.

आता ड्रायर नेमकं काय करतो ते सांगायला हवं, कारण "फ्रीज लावून मशीनला गार हवा द्यायची कशाला?" असंही विचारतात. रेफ्रिजरेटेड ड्रायर मशीनला गार हवा देत नाही. आत आलेली गरम, ओली हवा आधी एका हीट एक्स्चेंजरमधून (उष्णता एकीकडून दुसरीकडे देणाऱ्या भागातून) जाते. तिथे बाहेर पडणारी गार, कोरडी हवा शेजारच्या वाटेने वाहत असते, ती हिला फुकटात थोडं गार करते. मग हवा इव्हॅपोरेटरमध्ये जाते आणि तिथे फ्रीजमधल्यासारखा गार करणारा गॅस तिला 3 अंशांच्या आसपास आणतो. 3 अंशांवर घनमीटरमध्ये फक्त 6 ग्रॅम बाष्प राहू शकतं, बाकीचं पाणी होतं. सेपरेटर ते बाजूला काढतो आणि ऑटो ड्रेन बाहेर टाकतो. ही कोरडी हवा परत पहिल्या एक्स्चेंजरमधून येताना तापते आणि आत आली तेव्हापेक्षा साधारण दहाएक अंश कमी तापमानाने बाहेर पडते. म्हणून पाइपला बाहेरून घामही येत नाही. शून्याच्या खाली मात्र जायचं नाही, नाहीतर आत बर्फ धरून वाट बंद होईल. त्यासाठी हॉट गॅस बायपास व्हॉल्व्ह इव्हॅपोरेटरला थोडा गरम गॅस देत राहतो. मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

शिफ्टला लाईनमध्ये जाणाऱ्या त्या 9 लिटरपैकी 8 लिटर इथे निघतं. उरलेलं जेमतेम लिटरभर बाष्पच राहतं, कारण लाईनमध्ये कुठेही तापमान 3 अंशांच्या खाली जाईपर्यंत त्याला पाणी होता येत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्या शेडमध्ये पाइप इतका गार होतो?

"आठ महिने हवा कोरडीच असते." या वाक्याने मराठवाडा-विदर्भातले बरेच जण फसतात. मे महिना, 40 अंश, आर्द्रता अवघी 20 टक्के. ओठ फुटतील अशी हवा. तीच 7 बारला दाबा (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वर 7, म्हणजे एकूण 8) : आठ घनमीटर हवेतलं बाष्प एका घनमीटरमध्ये आलं. पण एक घनमीटर जागेत किती बाष्प मावतं हे दाबावर ठरत नाही, तापमानावर ठरतं. त्यामुळे या हवेचा दवबिंदू, म्हणजे बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, उडी मारून 49 अंशांच्या आसपास जातो. म्हणजे त्या 'कोरड्या' हवेच्या लाईनमध्ये 49 अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक जागी पाणी सुटणार. उन्हाळ्यात आफ्टरकूलरमधून हवा 50 अंशांनी निघत असेल तर टाकीत जवळजवळ काहीच पडत नाही. मालक ड्रेन उघडतो, थेंब येत नाही, त्याची खात्री पटते. रात्रपाळीला पाइप 30 अंशांवर येतात आणि निम्म्याहून जास्त पाणी थेट लाईनमध्ये उतरतं. मे महिन्यात रात्रीचं काम बिघडतं आणि दिवसाचं चांगलं होतं, ते यामुळे.

"ड्रायर नुसती वीज खातो." खातो. 100 सीएफएमच्या ड्रायरला साधारण पाऊण किलोवॅट लागतो, शिवाय त्यातून जाताना दाब 0.2 बारच्या आसपास पडतो. ज्या कॉम्प्रेसरला तो लावायचा तो 18-22 किलोवॅटचा असतो, त्याच्या तीन-चार टक्के. एका शिफ्टचे 300 दिवस धरले तर वर्षाला 1,800 युनिट. आता ड्रायर नसलेल्या कारखान्यात जा. पाणी साठू नये म्हणून टाकीचा ड्रेन कॉक दिवसभर किंचित उघडा ठेवलेला असतो, फुस्स आवाज चालूच. 7 बारला 3 मिलिमीटरच्या भोकातून वीसेक सीएफएम हवा जाते आणि ती तयार करायला साडेतीन-चार किलोवॅट लागतात. वीज वाचवायची म्हणून ड्रायर न घेणारा माणूस त्याच्या पाचपट वीज त्या कॉकमधून सोडत असतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : हा ड्रायर सगळीकडे चालत नाही. फौंड्रीत कोल्डबॉक्स कोअर (वाळू आणि रेझिनचा साच्यातला गाभा) करताना ओलावा रेझिनचं काम बिघडवतो, तिथे उणे 40 अंश दवबिंदूचा डेसिकंट ड्रायरच (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) हवा. तो हवाही बरीच खातो, बिनहीटरचा असेल तर सुमारे 15 टक्के. सिलिंडर, स्प्रे गन, पावडर कोटिंग, पॅकिंग मशीन यांना मात्र 3 अंश भरपूर झाले.

राहिलं शेवटचं वाक्य : "लावला तरी पाणी येतंच." हा लोकांचा खराखुरा अनुभव आहे, म्हणूनच मेसेज पटतो. पण कारण शोधलं तर बहुतेक वेळा तीन-चारच निघतात. कॅटलॉगमधली क्षमता अनेकदा 35 अंशांची हवा आणि 25 अंशांची खोली धरून लिहिलेली असते. आपल्या कॉम्प्रेसर रूममध्ये 45 अंशांची हवा आत येते, तिथे तोच ड्रायर लहान पडतो. कंडेन्सरवर (ड्रायरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) धुळीचा थर बसलेला असतो. ड्रायरला वळसा देणाऱ्या पाइपचा बायपास व्हॉल्व्ह कुणीतरी कधीतरी उघडून तसाच ठेवलेला असतो. आणि ऑटो ड्रेन.

भोसरीतल्या एका पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये प्रत्येक पत्र्यावर बारीक छिद्रं येत होती. मालक वैतागून ड्रायर विकायला निघाले होते. डिस्प्लेवर तापमान 4 अंश, गॅस ठीक, पंखा चालू. ड्रायरच्या पोटातून पाणी बाहेर यायची नळी मात्र हाताला कोरडी लागली. ड्रेनची जाळी काढली तर ती गंज आणि तेलाच्या चिखलाने गच्च लिंपलेली होती. ड्रायर इमानदारीने पाणी करत होता, ते सेपरेटरमध्ये तुंबून हवेबरोबर परत लाईनमध्ये जात होतं. जाळी डिझेलमध्ये धुतली, परत बसवली, नळीखाली बादली ठेवली. शिफ्ट सुटताना बादली अर्ध्याला आली होती.