झाकण उघडू नये

भाची कैरोहून आली तेव्हा तिने माझ्यासाठी एक देखणा डबा आणला. डब्यावर लाल फुलाचे चित्र होते, आत संत्र्याची साल आणि दालचिनी मिसळलेला 'हर्बल टी' होता, आणि उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकून ठेवावे, अशी सूचना होती. ज्या माणसाला आधणात साखर, आले, चहापूड आणि दूध एकामागोमाग ढकलून तीन उकळ्यांत प्रकरण गाळणीपर्यंत नेण्याची सवय आहे, त्याला दहा मिनिटे झाकणाकडे पाहत बसवणे म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादाशेजारी बसवून पाचवा अध्याय संपेपर्यंत हात लावू नकोस, असे बजावणे होय.

खरे तर चहाच्या झाडाचे एकही पान त्या डब्यात नव्हते, म्हणजे हा सरळसरळ काढाच होता. परंतु काढा म्हटला की आमच्या घरात सगळ्यांना अचानक बरे वाटू लागते.

पहिल्या मिनिटाला मी झाकण उचलले आणि चष्मा वाफेने भरला. दुसऱ्या मिनिटाला ढवळले. तिसऱ्या मिनिटाला चमचाभर चाखले, तर ते कोमट गुलाबी पाणी लागले. "अरे, भात शिजतोय का तो, सारखं काय बघतोस?" आई म्हणाली. मग मी निग्रहाने पाठ फिरवली आणि नेमका सोसायटीच्या सचिवांचा फोन आला. टँकरचा विषय असल्याने तो पंचवीस मिनिटे चालला.

परत आलो तेव्हा भांड्यातला रंग बिटाच्या रसाला लाजवील असा झाला होता. पहिल्याच घोटाला कानशिलापर्यंत कळ गेली. आंबटपणा कमी करावा म्हणून, आणि काहीसा सवयीनेही, मी त्यात दूध ओतले. आंबटात दूध फाटते हे मला शाळेपासून ठाऊक आहे, पण ते इतक्या तत्परतेने फाटेल असे वाटले नव्हते. पेल्यात जांभळट गुठळ्या फिरू लागल्या. दचकून मागे सरलो, तेव्हा थोडे बाहीवर सांडले. डागाला साबण लावला, तर साबणातल्या क्षाराने तो लालाचा निळसर झाला आणि सदरा आणखीच बिघडला.

आईने डब्यातले एक वाळके फूल चिमटीत धरले, वास घेतला, दाताखाली चावले.

"ही तर अंबाडीची बोंडं," ती म्हणाली.

ते खरेच होते. इजिप्तमध्ये ज्याला करकदे म्हणतात, ते पेय लाल अंबाडीच्या बोंडांचेच असते. पाकळ्यांचे नव्हे, तर फळाला वेढणाऱ्या मांसल निदलांचे. परभणीला लहानपणी अंबाडीची भाजी पानात पडली की मी ती भाकरीखाली लपवत असे, आणि आता तीच अंबाडी विमानाने मागोमाग आली होती.

आईने स्वतःच्या पेल्यात गूळ आणि चिमूटभर मीठ घातले आणि स्वस्थपणे सगळे संपवले. डब्यात उरलेले तिने दुसऱ्या दिवशी लसणाची फोडणी देऊन वरणात घातले. वरणाला दालचिनीचा वास येत होता. मी सवयीने भाकरी उचलली, पण वरण पातळ होते.