प्रश्न येऊ द्या, विषय गेला चुलीत

सादरीकरणाला उभे राहताना प्रश्न कधी घेणार हे चुकूनही सांगू नका. "प्रश्न शेवटी घेऊ" म्हणालात की लोक मुकाट्याने वहीच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवतात आणि तुमच्यावर चाळीसच्या चाळीस स्लाइड संपवायची पाळी येते. "मध्येच विचारा, अगदी मोकळेपणाने" म्हणा. तिसऱ्या स्लाइडलाच हात वर होईल.

या गृहस्थांकडे प्रश्न नसतो, अनुभव असतो. "तसा प्रश्न नाही, पण..." ऐकलं की पाण्याची बाटली उघडा आणि मान हलवत राहा. ते श्वास घ्यायला थांबतात त्या फटीत "म्हणजे तुम्हाला खर्चाबद्दल विचारायचंय ना?" असं म्हणून गाडी रुळावर आणणारे वक्ते असतात. अशांच्या नादी लागू नका.

आलेला प्रश्न माइकवर परत सांगायचा नाही, हे पथ्य कडक पाळा. मागच्या रांगेला फक्त उत्तर ऐकू जावं: "हो, पण दर तीन महिन्यांनी." दर तीन महिन्यांनी काय, यावर ती मंडळी मध्यंतरापर्यंत डोकं खाजवतील.

उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, बघून कळवतो" म्हणू नका. विषय तिथेच मिटतो. उत्तराची स्लाइड शोधायला निघा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं, पण त्यात कसली मजा? बाण दाबत एकेक पाऊल मागे जा. आलेखाचे खांब जमिनीत शिरताना, मुद्दे एकामागून एक गडप होताना सभागृहाने डोळे भरून पाहिलं पाहिजे. कीबोर्डवरचं 'बी' (B) अक्षर दाबून पडदा काळा करायची सोयही आहे म्हणे, लोकांनी वक्त्याकडे बघावं म्हणून. नको ती जोखीम.

विषयाबाहेरचे प्रश्न फळ्यावर लिहून "नंतर घेऊ" म्हणणं मात्र चांगलं, फक्त नंतर घ्यायचे नाहीत. मी एकदा चार लिहिले आणि चारही तसेच सोडून निघालो. त्या दिवशी पाचवा कुणी विचारलाच नाही.

शेवटची दोन मिनिटं उरली की राहिलेल्या तीसेक स्लाइड "हे तुम्ही निवांत वाचाच" म्हणत पळवा. आभाराच्या स्लाइडवर थांबून विचारा, "कुणाला काही शंका?" मागून कुणीतरी विचारेल, "एकूण खर्च किती येणार?" तो सव्विसाव्या स्लाइडवर होता.

"फारच छान प्रश्न," म्हणा आणि बाण दाबायला लागा.