सवलतीतला सहप्रवास

ज्याने गुन्हाच केलेला नाही अशा माणसाला कोणी उदार मनाने माफ केले, तर त्याने आभार मानावेत की भांडावे, याचा निर्णय गेल्या मंगळवारपासून मला करता आलेला नाही. लंडनहून ब्रायटनला जाणाऱ्या गाडीत एका तिकीट तपासनिसाने माझ्याकडे आणि माझ्या पत्नीकडे आळीपाळीने पाहिले, एक सुस्कारा सोडला आणि "या वेळी सोडतो" असे म्हणून तो पुढे निघून गेला. आमच्याजवळ तिकिटे होती, सवलतीचे कार्ड होते, कार्डावर आम्हा दोघांचे फोटो होते, गाडी योग्य होती आणि वेळही योग्य होती. तरीही आम्हाला 'सोडण्यात' आले.

मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांना एकदा समुद्रावर फिरवून आणायचे असते आणि मुलाला रजा नसते, म्हणून ते दोघेच जातात. प्रस्तावना एवढीच. ब्रायटन आम्हीच निवडले, कारण तिथल्या रॉयल पॅव्हिलियन नावाच्या राजवाड्यात पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ उघडले होते, असे मी वाचले होते आणि ती इमारत मला पाहायची होती. राहता राहिले तिकीट.

लंडन ते ब्रायटन हे अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईहून कर्जतला जाण्यापेक्षाही कमी. कर्जतला जाण्यासाठी मला आयुष्यात कधी विचार करावा लागला नाही. खिडकीशी जायचे, सेकंड किंवा फर्स्ट असे म्हणायचे आणि परतीचे हवे असल्यास तसे सांगायचे. इथे मात्र मुलाने फोनवर जी यादी उघडली ती बोटाने वर सरकवता सरकवता संपेना. कोणत्याही वेळी चालणारे तिकीट, गर्दीची वेळ टळल्यावर चालणारे तिकीट, एकाच नावाच्या गाड्यांत चालणारे तिकीट, सगळ्या गाड्यांत चालणारे तिकीट, विमानतळावर जाणाऱ्या खास गाडीत न चालणारे तिकीट आणि या सर्वांची पुन्हा फर्स्टक्लासची आवृत्ती. रूळ तेच आणि समुद्रही तोच. कोणत्या रंगाच्या गाडीत बसलात, यावर तुम्ही सज्जन की फुकटे हे ठरते.

मुलाने मार्ग काढला. टू टुगेदर नावाचे रेलकार्ड पस्तीस पौंडांना मिळते, ते वर्षभर चालते आणि त्यावर दोघांच्याही भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. अटी दोन. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊपूर्वी ते चालत नाही आणि कार्डावरच्या दोन्ही व्यक्तींनी संपूर्ण प्रवास एकत्र केला पाहिजे. दुसरी अट वाचून पत्नी म्हणाली, "अहो, ही अट तर लग्नातच घातली होती की."

साडेनऊच्या अटीबद्दल मला थोडे बोलायचे आहे. सकाळी गर्दी लंडनच्या दिशेने येते, लंडनहून समुद्राकडे जाणाऱ्या गाड्या त्या वेळी बऱ्याच मोकळ्या असतात. आम्ही लंडन ब्रिजच्या फलाटावर उभे राहून अशा मोकळ्या गाड्या जाताना पाहत होतो आणि आमच्यासारखेच सवलतवाले इतर लोकही आमच्याभोवती जमून तेच पाहत होते. साडेनऊनंतरची पहिली गाडी आली तेव्हा हा सगळा साचलेला काटकसरी समाज एकदम आत घुसला. परिणामी शेजारी शेजारी दोन जागा कुठेच उरल्या नाहीत. जन्मभर डोंबिवलीहून ये-जा केलेल्या माणसाला यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. आमच्याकडे नवराबायको एका गाडीत चढले तरी ती लेडीज डब्यात आणि तो जनरलमध्ये, आणि भेट थेट पुलाखाली. इथे तर पत्नी माझ्यामागे अवघ्या चार रांगांवर बसली होती. मला यापेक्षा अधिक एकत्र प्रवास केल्याचे आठवत नाही.

ईस्ट क्रॉयडन गेल्यावर तपासनीस आला. त्याने माझे कार्ड पाहिले, कार्डावरच्या दोन फोटोंपैकी एक माझ्याशी पडताळला आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांकडे पाहिले. ते सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, मांडीवर थर्मास घेऊन बसलेले इंग्रज गृहस्थ होते, आणि दुसऱ्या फोटोतल्या नऊवारीतल्या बाईंशी त्यांचे साम्य नाही, हे तपासनिसाच्या ध्यानात यायला जरा अवकाश लागला. "दुसरी व्यक्ती कुठे आहे?" मी मागे बोट दाखवले. पत्नी शाल पांघरून डोळे मिटून बसली होती. तपासनीस तिच्यापाशी गेला आणि अत्यंत अदबीने त्याने विचारले, "बाईसाहेब, आपण त्या गृहस्थांबरोबर आहात का?" तिने डोळे न उघडता सांगितले, "नो, थँक यू."

ती नंतर म्हणाली की गाडीत आपल्यासमोर कोणी वाकून हळू आवाजात काही विचारत असेल तर तो चहावालाच असणार, असे तिला वाटले. स्पष्टीकरण योग्यच आहे, पण ते यायला दोन मिनिटे लागली आणि त्या दोन मिनिटांत अर्ध्या डब्याने मला, परक्या बाईच्या नावावर सवलत उकळणारा इसम म्हणून, नीट पाहून घेतले.

गैरसमज मिटल्यावरही तपासनिसाचे समाधान झाले नाही. त्याच्या मते एकत्र म्हणजे एकत्र, चार रांगांच्या अंतराने नव्हे. तेव्हा माझ्या शेजारच्या त्या मिशाळ गृहस्थांनी थर्मासचे झाकण लावले आणि घसा साफ केला. "नियमांत शेजारी बसावे असे कुठेही म्हटलेले नाही," ते म्हणाले. तपासनीस म्हणाला, "साहेब, मी यांच्याशी बोलतो आहे." गृहस्थ म्हणाले, "आणि मी नियमांविषयी बोलतो आहे." मला क्षणभर वाटले की आपल्याला वकील मिळाला. परंतु वकिलाला अशिलात रस नसून कायद्यात आहे, हे पुढच्याच वाक्यात उघड झाले, कारण ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पण मुळात तुम्ही हे कार्ड घेतलेच कशाला? तुमचे वय काय?"

डब्यात भर गर्दीत मी माझे वय सांगितले. पत्नीचेही त्यांनी विचारले, आणि तिने ते मराठीत सांगितले. "मग दोघांना ज्येष्ठांचे कार्ड मिळाले असते. साठीनंतर कोणालाही मिळते. सूट तेवढीच, आणि कोणी कोणाबरोबर असण्याची गरज नाही." मी म्हणालो की ते प्रत्येकी पस्तीस पौंड आहे, म्हणजे सत्तर होतात. ते म्हणाले, "स्वातंत्र्याची किंमत असते." यावर तपासनीस प्रथमच हसला, 'या वेळी सोडतो' हे वाक्य त्याने तेव्हाच उच्चारले, आणि उरलेला प्रवास तरी दोघांनी एकत्र करा, असे बजावून तो तिथेच वाट पाहत उभा राहिला. शेजारी जागा नव्हती. म्हणून आम्ही दोघेही उठलो आणि दारापाशी जाऊन एकत्र उभे राहिलो.

इथवर सारे सहन करण्याजोगे होते. पण व्याख्यान अपुरे राहिले म्हणून ते गृहस्थही थर्माससह उठले आणि आमच्यापाशी येऊन उभे राहिले. आता माझी आणि त्यांची अशा दोन लागून असलेल्या जागा रिकाम्या झाल्या होत्या, ज्या नेमक्या आम्हाला हव्या होत्या. हे माझ्या लक्षात येईपर्यंत गॅटविक विमानतळ आला आणि आत आलेल्या दोन तरुणांनी त्या जागा घेतल्या. आम्हाला आमच्याकडची चौथी सीट आठवली, 'जरा सरकून घ्या' म्हटले की जी लाकडातून उगवते. इथल्या खुर्च्या मोजून दोघांच्या असतात, आणि बसलेल्यांना मान वळवण्याची सवय नसते.

गॅटविकला गाडी थांबताच गृहस्थांनी खिशातून रबरबँड लावलेला नारिंगी पट्ट्यांच्या तिकिटांचा गठ्ठा काढला, वरचे तिकीट खाली घातले आणि समाधानाने म्हणाले, "आता माझे दुसरे तिकीट सुरू झाले." एका प्रवासाची तीन तुकड्यांत तिकिटे काढली, तर काही वेळा ती एका तिकिटापेक्षा स्वस्त पडतात, आणि जिथे तुकडा पाडला त्या स्थानकावर गाडी थांबत असेल तर ते पूर्णपणे कायदेशीर आहे. किती वाचले, असे मी विचारले. उत्तर एका कप चहाच्या किमतीपेक्षा कमी होते. हिशेब मांडायला त्यांची आदली संध्याकाळ गेली होती.

मग इतिहास झाला. १८४४च्या कायद्याने प्रत्येक कंपनीला दिवसातून एक तरी गाडी गरिबांसाठी चालवावी लागली, मैलाला एक पेनी भाडे, ताशी किमान बारा मैल वेग आणि डोक्यावर छप्पर. १८७५मध्ये एका मोठ्या कंपनीने दुसरा वर्ग रद्द केला, हळूहळू इतरांनीही केला, आणि देशात कित्येक दशके पहिला व तिसरा असे दोनच वर्ग प्रामुख्याने राहिले, मध्ये काही नाही. १९५६मध्ये तिसऱ्याला दुसरा म्हणू लागले आणि १९८७मध्ये दुसऱ्याला स्टँडर्ड. "म्हणजे माझे वडील तिसऱ्याने जात, मी दुसऱ्याने गेलो आणि आता स्टँडर्डने जातो," ते अभिमानाने म्हणाले, "आणि बाक जवळजवळ तोच." मी सांगितले की आमच्याकडेही १९७४मध्ये तिसरा वर्ग असाच पाटी बदलून दुसरा झाला. त्यांनी मला प्रथमच समव्यवसायी म्हणून पाहिले. त्या भरात, तपासनिसाच्या मनात आले असते तर शंभर पौंड अधिक तिकिटाचे भाडे एवढा दंड झाला असता, मात्र एकवीस दिवसांत भरल्यास दंडाची रक्कम निम्मी होते, ही माहितीही त्यांनी सांत्वनादाखल दिली.

या सगळ्यात हेवर्ड्स हीथच्या अलीकडचा ऊझ खोऱ्यावरचा सदतीस कमानींचा पूल येऊन गेला. त्या पुलावरून दिसणारी दरी पाहण्यासाठी मी मुद्दाम खिडकी धरली होती. मी पाहिले ते थर्मासचे झाकण. हे मी त्या गृहस्थांना माफ केलेले नाही आणि 'या वेळी'सुद्धा सोडणार नाही.

पूल गेल्यावर त्यांना सर्वांत महत्त्वाची गोष्ट आठवली. या प्रकारच्या गाडीत दोन्ही टोकांना फर्स्टक्लासच्या जागा असतात, पण मागच्या टोकाच्या जागांवर कोणत्याही तिकिटावर कोणीही बसू शकते. तिथे कदाचित दोन जागा मिळाल्या असत्या. मी विचारले, पुढचे टोक आणि मागचे टोक यांत फरक काय? काहीच नाही, ते म्हणाले. ब्रायटनला रूळ संपतात, गाडी तशीच उलट निघते, आणि मागचे टोक पुढचे होते. म्हणजे जी खुर्ची येताना सर्वांसाठी खुली, तीच जाताना श्रीमंतांची. आमच्या लोकलमध्येही फर्स्टक्लासवाला कित्येक पट पैसे मोजून तसाच लोंबकळतो, तेव्हा या बाबतीत मी फार बोलू नये. पण तो डबा निदान कल्याणला पोचून जात बदलत नाही.

गाडी सोळा मिनिटे उशिरा पोचली आणि त्यामुळे आमच्या मित्राचा चेहरा उजळला. पंधरा ते एकोणतीस मिनिटे उशीर झाल्यास त्या बाजूच्या भाड्याचा पाव हिस्सा परत मिळतो, तो अर्ज करूनच जा, असे सांगून ते आपल्या तीन तिकिटांसह फाटकातून बाहेर पडले. पत्नीने फलाटावर मला एकच प्रश्न विचारला, "हे गृहस्थ उतरून कुठे गेले? समुद्राकडे तर वळले नाहीत." ते परतीच्या गाडीच्या फलाटाकडे वळले होते.

पॅव्हिलियन पाहिले, समुद्रही पाहिला, त्यात वाळूऐवजी गोटे आहेत. घरी आल्यावर मी मुलाला ज्येष्ठांची दोन कार्डे काढायला लावली. तो म्हणाला, "बाबा, महिन्याभरात तुम्ही डोंबिवलीला परत जाल, सत्तर पौंड वसूल व्हायला तुम्हाला रोज कुठेतरी जावे लागेल, आणि जुने कार्ड तर आहेच." त्याचा हिशेब बिनचूक आहे. मी पैसे दिले. परवा आम्ही ऑक्सफर्डला जाणार आहोत, पत्नी पहिल्या डब्यात बसेल, मी शेवटच्या, आणि तपासनीस आलाच तर तिने माझी ओळख देऊ नये असे मी तिला सांगून ठेवले आहे. ती म्हणते, त्यासाठी सत्तर पौंड खर्च करण्याची गरज नव्हती.