‘पुस्तकी’ म्हणण्यापूर्वी : सेल्फच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

सेल्फ, म्हणजे बटण दाबल्यावर इंजिन फिरवणारी मोटर, बॅटरी चांगली असूनही अर्थच्या (इंजिनकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या वाटेच्या) गंजाने कशी अडते, हे मी ‘सेल्फ नुसताच कण्हतो, दोष बॅटरीचाच का?’ या लेखात लिहिले होते. त्या लेखावर ‘जुना वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी एकही शब्द न गाळता तशीच ठेवली आहे. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सारांश असा : लेख पुस्तकी आहे, मीटर लावून दशांश व्होल्ट मोजत बसण्यापेक्षा बॅटरी बदलून पाहिली असती तर दहा मिनिटांत काम झाले असते, सामान्य माणसाकडे मीटर नसतो, त्याला टेस्ट लॅम्प (वायरींना जोडून पाहायचा साधा बल्ब) पुरतो, मुख्य फ्यूजचा आकडा चुकला आहे, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांविषयी अवाक्षर नाही, प्रतिक्रिया लिहिणाऱ्याने स्वतःच्या गाडीची बॅटरी गेल्या ऑक्टोबरात बदलली आणि तेव्हापासून एकदाही त्रास झालेला नाही, आणि शेवटी, ‘लेखकाच्या हाताला कधी ग्रीस लागले आहे का, हे त्याने आधी सांगावे.’

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु मतभेद मांडण्याची एक रीत असते, आणि ज्याला आपण कधी भेटलेलो नाही त्याच्या हातांविषयी शेरा मारणे त्या रीतीत बसत नाही. तरीही प्रश्न विचारलाच आहे, तेव्हा उत्तर देतो.

चिपळूणला माझ्या मामांचे गॅरेज होते. सातवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीपासून मी तिथे बसत असे. सुरुवातीला ब्रेक शू घासणे आणि कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये धुणे एवढेच काम असे, वायरिंगला हात लावण्याची परवानगी बारावीनंतर मिळाली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतरचे तीन आठवडे मी त्याच गॅरेजात चिखलाने भरलेल्या गाड्या उघडत होतो. इंजिन ऑइल बदलून, प्लग आणि एअर फिल्टर साफ करून त्यांतल्या पुष्कळशा गाड्या सुरू झाल्या आणि मालक समाधानाने घरी गेले. खरे दुखणे दिवाळीच्या सुमारास वर आले. कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) अडकलेल्या गाळाच्या पाण्याने आतल्या पिना खाल्ल्या होत्या, आणि वायर वरून धडधाकट दिसत असली तरी आवरण सोलल्यावर आतले तांबे हिरव्या भुकटीसारखे हाताला येत होते. असे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोजावे लागतात, आणि तेही त्या वायरमधून पुरेसा करंट वाहत असताना. मी लेखात लिहिले ते इथून आलेले आहे. पुस्तकाचे नाव आपणास ठाऊक असल्यास अवश्य कळवावे.

आता ‘बॅटरी बदलून पाहिली असती तर’ या वाक्याकडे येतो, कारण आपल्या सगळ्या आक्षेपाचे मूळ तिथेच आहे. लेखातली गाडी शेजारच्या एका शिक्षकांची होती आणि त्यांनी वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. म्हणजे आपण सुचवलेला उपाय दोनदा करून झालेला होता. तिसऱ्यांदा केला असता तर काय वेगळे घडले असते?

आकडे पुन्हा देतो. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. एवढ्यावरून बॅटरी चांगली ठरत नाही, हे मलाही कळते. आतून थकलेली बॅटरीसुद्धा रिकाम्या वेळी १२.६ दाखवू शकते. म्हणूनच सेल्फ दाबलेला असताना पुन्हा मोजले. बॅटरी थकलेली असती तर तिच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज नऊच्या आसपास किंवा त्याखाली कोसळले असते. ते ११.७ वर टिकले, आणि तरीही सेल्फ कण्हत होता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ दाबला, तेव्हा २.४ व्होल्ट दिसले. तिथे दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त दिसता कामा नये. याचा अर्थ सेल्फ मोटरच्या वाट्याचे सव्वादोन व्होल्ट अर्थच्या वाटेवरच जळत होते. इंजिनच्या बोल्टखालची थिंबल (अर्थ केबलच्या टोकाची धातूची कडी) काढली, तर तिच्याखाली गंजाचा पापुद्रा होता. पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग घासून बोल्ट आवळला, आकडा ०.१५ वर आला. खर्च पॉलिश पेपराचा.

बॅटरी बदलल्यावर गाडी कधीकधी खरोखर सुधारते, हे मी नाकारत नाही. पण ती का सुधारते? बॅटरी बदलताना टर्मिनलचे स्क्रू सुटतात, थिंबल हलतात, घासल्या जातात, पुन्हा घट्ट बसतात. दोष तिथे असेल तर तो त्या घासण्याने जातो, आणि श्रेय नव्या बॅटरीला मिळते. जुनी, निर्दोष बॅटरी एक्स्चेंजमध्ये दुकानात राहते. दोष इंजिनकडच्या टोकाला असेल, तर नव्या बॅटरीच्या ताजेपणावर थोडे दिवस निभावते आणि मग पहिले पाढे पंचावन्न. हे मी ऐकीव सांगत नाही. कॉलेजात असताना माझ्याच गाडीवर मी आधी बॅटरी, मग सेल्फ रिले (मोटरला करंट जोडणारा स्विच), मग सेल्फ मोटरचे कार्बन असे सगळे बदलले होते. मामा गप्प राहून पाहत होते. सगळे पैसे संपल्यावर त्यांनी एक जाड केबल उचलली, बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला टेकवली आणि म्हणाले, ‘आता दाब.’ सेल्फ एका झटक्यात फिरला. मीटर नसलेल्या माणसासाठी हीच तपासणी लेखात एका ओळीत दिलेली आहे, ती आपल्या नजरेतून सुटलेली दिसते. एका ओळीऐवजी ती परिच्छेदभर द्यायला हवी होती, एवढे मान्य.

टेस्ट लॅम्पविषयी आपण ज्या खात्रीने लिहिले आहे, ती खात्री पाहून मात्र आश्चर्य वाटले. टेस्ट लॅम्प मीही वापरतो. मामांचा लॅम्प इंडिकेटरच्या जुन्या होल्डरचाच केलेला होता. परंतु २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो. सेल्फ मोटर साठ अँपिअर ओढते असे धरले, तर २.४ व्होल्ट खाणारा तो गंज म्हणजे अवघा ०.०४ ओहमचा रोध होतो. त्याच गंजातून पावणेदोन अँपिअर गेले, तर ०.०७ व्होल्ट कमी होतील, आणि बल्ब नेहमीसारखाच लख्ख पेटेल. ‘अर्थ चांगला आहे’ असे म्हणून आपण पुढे जाल आणि बॅटरीच्या दुकानाचा रस्ता धराल. वायर जोडलेली आहे की नाही एवढेच सांगणाऱ्या मीटरच्या बीपचीही तीच गत : त्याच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध ०.२ ओहमच्या घरात असतो, त्याला ०.०४ कसा दिसणार? हा गुणाकार शाळेतला आहे. तो करून मग ‘पुस्तकी’ हा शब्द वापरला असता तर बरे झाले असते.

फ्यूजबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. त्या गाडीचा मुख्य फ्यूज १५ अँपिअरचा आहे आणि लेखात २० छापला गेला. ती टंकनातली चूक होती आणि ती आजच दुरुस्त केली आहे. मोठा फ्यूज बसवल्यास तो उडण्याआधी वायर तापते, हे सांगण्यासाठी तीन उद्गारचिन्हांची गरज नव्हती. शिवाय सेल्फ मोटरचा करंट त्या फ्यूजमधून जातच नाही, तो बॅटरीकडून रिलेमार्गे थेट मोटरला जातो. म्हणजे चूक होती, पण लेखाचा निष्कर्ष तिच्यावर उभा नव्हता.

इंजेक्शनच्या गाड्या हा स्वतंत्र विषय आहे आणि लेख कार्ब्युरेटरच्या गाडीवर होता. एप्रिल २०२० पासून बहुतेक नव्या गाड्या इंजेक्शनच्या येऊ लागल्या, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या ईसीयूलासुद्धा (इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) अर्थ लागतोच. एकट्याने सेल्फ दाबायचा आणि मीटरही धरायचा कसा, असेही आपण मध्येच कुठेतरी विचारले आहे. मीटरच्या पिनांना चिमटे मिळतात.

राहिली आपली स्वतःची गाडी. बॅटरी ऑक्टोबरात बदलली आणि आज मे महिना चालू आहे, म्हणजे आपल्या पुराव्यात पावसाळा आलेलाच नाही. सेल्फ दाबून इंजिन आणि निगेटिव्ह यांमधला आकडा आत्ता घ्यावा आणि तोच पुन्हा ऑगस्टच्या अखेरीस घ्यावा. दोन्ही कळवले, तर कितीही निघाले तरी लेखाखाली आपल्या नावाने छापीन.