सरकार, क.

परदेशातल्या माणसानं कोल्हापूरबद्दल लिहिलेलं कोल्हापुरात आणणं अगदी सोपं आहे. कोल्हापुरातल्या माणसानं कोल्हापूरबद्दल लिहिलेलं कोल्हापुरातच आणायचं तर मात्र घाम फुटतो. पन्नाशीला टेकल्यावर मी पीएच.डी.ला नाव घातलं आणि विषय घेतला ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’. तेव्हापासून हे ज्ञान मला रोज नव्यानं होतंय.

विषय निवडताना हिशेब सरळ होता. शिवाजी विद्यापीठ इथलं, करवीर नगर वाचन मंदिर इथलं, बंधाऱ्यांच्या खात्याचं ऑफिस गाडीला किक मारली की दहा मिनिटांवर, आणि बंधारे तर काय, नदीत उभेच आहेत. पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे, पाऊस सरला की परत घालायचे, पाणी अडलं. एवढ्या साध्या गोष्टीवर माणसं लिहून लिहून किती लिहिणार? पण आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, “संदर्भ निदान दोनशे तरी असू देत. आणि वहीत उतरवून ठेवू नका, सॉफ्टवेअर वापरा.”

सॉफ्टवेअर म्हणजे झोटेरो, संदर्भांच्या नोंदी ठेवणारं. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी काढलेलं आणि फुकट. यातलं ‘इतिहासवाल्यांनी’ ऐकून मला आपुलकी वाटली, ‘फुकट’ ऐकून घरच्यांना.

शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं ते लॅपटॉपवर बसवून दिलं. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक बटण आलं. पोरगं म्हणालं, “सर, लेखाचं पान उघडायचं, हे दाबायचं, विषय संपला.” आम्ही नदीपात्रातल्या पाणीवाटपावरचा एक परदेशी लेख उघडला आणि दाबलं. डोळ्याचं पातं लवतंय तोवर लेखकाचं नाव, शीर्षक, साल, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठं, डीओआय नावाचा लेखाचा ओळखक्रमांक, सगळं आपापल्या रकान्यात जाऊन बसलं. खाली पीडीएफ लटकली. पीडीएफच्या फाइलला लेखक, साल, शीर्षक असं नावसुद्धा आपोआप पडलं. बायको मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, “एवढंच? मग तीन वर्षं कशाला लागतात?”

त्या लेखात आमच्या राजाराम बंधाऱ्याचा उल्लेख होता. पावसाळ्यात आख्खं शहर ज्या बंधाऱ्याकडं डोळे लावून बसतं, ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ फुटांना धोका म्हणून जिथलं पाणी मोजतं, तो बंधारा सात समुद्र ओलांडून एका बोटाच्या दाबात माझ्या घरी परत आला. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी मी इथल्या साहित्याला हात घातला.

झालं असं, की आपल्याकडं बहुतेक लेखांना स्वतःचं वेबपान नसतं. थेट पीडीएफ असते. बटण तिथंही चालतं, नाही असं नाही, पण ते बिचारं फक्त फाइल उचलून आणतं. मग सॉफ्टवेअर फाइलची पहिली काही पानं चाळतं, डीओआय दिसतोय का, शीर्षक कळतंय का ते बघतं, इंटरनेटवर विचारून घेतं आणि ओळख पटली तर नोंद भरतं. आपल्या पीडीएफा नाव-गाव न सांगता लग्नात जेवून जाणाऱ्या पाहुण्यासारख्या. वरपक्षाला वाटतं वधूपक्षाचा, वधूपक्षाला वाटतं वरपक्षाचा.

मला मुख्यतः हवा होता एका सरकारी खात्याचा बंधाऱ्यांवरचा जुना अहवाल. तो इंटरनेटवर होता, हे विशेष. नाव होतं ‘स्कॅन०००१’. बटण दाबलं. सॉफ्टवेअरनं चाळून सांगितलं, यात मजकूर नाही. आता समोर पानामागून पान मजकूर दिसतोय. तक्ते आहेत, आकृत्या आहेत, साहेबांची सही आहे, सहीवर शिक्का आहे, शिक्क्यावर चहाचा गोल डाग आहे. पण मजकूर नाही. पोराला बोलावलं. तो म्हणाला, “सर, हे सगळे फोटो आहेत. त्याला अक्षरं दिसत नाहीत.” म्हटलं, “मला दिसताहेत की.” तो म्हणाला, “तुम्ही माणूस आहात, सर.” कौतुक होतं की कीव, ते अजून ठरलेलं नाही.

मग अक्षरओळख करून घेतली. बंधाऱ्याचा ‘वंधारा’ झाला, बर्ग्यांचे ‘वर्गे’ झाले, आणि पंचगंगेला यंत्रानं काय वाचलं ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या एका अहवालात खरोखरची अक्षरं होती. मी हरखलो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द उचलून शीर्षकाच्या रकान्यात टाकला तर तिथं उमटलं इंग्रजी ई, जी, के, जे, के, मग एक अवतरणचिन्ह आणि पुढं काय काय. कृतिदेव फॉन्टची माया. वरून बघाल तर मराठी, पोटात इंग्रजी कळा. मंगलाष्टक, अष्टविनायक, राष्ट्रगीत, काहीही त्यात टाइप करा, आत तसलाच चिवडा. असे वीस-पंचवीस अहवाल मी बसून हातानं टाइप केले, कारण दिसायला ते मराठीच आहेत हे यंत्राला पटवून द्यायची सोय मला सापडली नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फायलींचं प्रकरण वेगळं. पुराच्या आठवड्यात एका ग्रुपवर कुणीतरी उत्तम माहिती टाकली होती, तिचं नाव ‘डॉक-२०१९०८१२-डब्ल्यूए०००७’. लेखक कोण? ज्यानं पाठवली त्याला विचारलं, त्यानं दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, आणि तिसरा म्हणाला, “भावा, मला तूच पाठवलेली न्हवं?”

प्रबंधांचीही गंमत आहे. एका मोठ्या ऑनलाइन भांडारात प्रबंध तुकड्या-तुकड्यांत ठेवलेले असतात. शीर्षकपान वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, ऋणनिर्देश वेगळा, मग प्रकरणं. सगळे उतरवून घेताना माझ्याकडं ऋणनिर्देशांचा एवढा साठा झाला, की त्यावर दुसरी पीएच.डी. होईल. प्रत्येकात पत्नीचे आभार ‘ज्यांच्या सहकार्याशिवाय’ याच शब्दांत आहेत. ही ओळ मी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, “तुम्ही तेवढं वेगळं लिहा.” त्यामुळे ते एक काम वाढलं.

पण खरी मजा आली ती ज्या नोंदी आयत्या मिळाल्या, त्यांत. एका ऑनलाइन ग्रंथसूचीत शाहू महाराजांच्या राधानगरी धरणाची माहिती देणारं पुस्तक सापडलं. बटण दाबताच सगळे रकाने भरले. साल, १८३२. महाराजांचा जन्म १८७४ चा. म्हणजे महाराज जन्मायच्या बेचाळीस वर्षं आधी कुणीतरी त्यांच्या धरणावर पुस्तक काढलं होतं. कोल्हापूरकर काळाच्या पुढं असतात हे मला मान्य आहे, पण इतके? मुखपृष्ठ पाहिलं, तर तिथं लिहिलेलं, ‘शके १८३२’. अठ्ठ्याहत्तर मिळवा, १९१० येतं. सूचीकारानं ‘शके’ सोडून दिलं होतं. बाकी आकडा अगदी बिनचूक.

यापेक्षाही भारी निघालं करवीर सरकारचं गॅझेट. पन्नास टक्के राखीव जागांचा २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध हुकूम ज्यात छापून आला, तेच हे गॅझेट. मला त्यातले पाण्याबद्दलचे हुकूम हवे होते. कुठल्याशा सूचीतून नोंद आली, मी ती न बघता पहिल्या प्रकरणात घातली आणि कच्चा मसुदा सरांकडं पाठवला. सरांचा फोन आला.

“हे सरकार कोण?”

“कुठलं सरकार, सर?”

“हेच. ‘सरकार, क.’ दहा-बारा ठिकाणी आहे. बंगाली दिसतात. कोलकात्याचे का? एवढ्या जुन्या काळात तिकडून येऊन बंधाऱ्यांवर काम केलंय म्हणजे मोठाच माणूस असणार. यांच्यावर एक स्वतंत्र परिच्छेद टाका.”

सॉफ्टवेअरच्या मते माणसाला नाव असतं आणि आडनाव असतं. नाव करवीर, आडनाव सरकार. यादीत आडनाव पुढं, नावाचं आद्याक्षर मागं. झाले श्री. क. सरकार. म्हणजे माझ्या प्रबंधानुसार राखीव जागांचा हुकूम काढला तो या गृहस्थांनी. हे कोल्हापुरात छापून आलं असतं, तर मला गाव सोडून खरोखरच कोलकात्याला जावं लागलं असतं. नावाच्या रकान्याशेजारी एक बारीकसं बटण असतं, ते दाबलं की दोन रकान्यांचा एक होतो आणि संस्था ही संस्था राहते. त्या रात्री जेवणही न घेता मी बसलो आणि ‘शासन, म.’, ‘परिषद, ज.’, ‘समिती, स.’ या सगळ्या मंडळींना त्यांच्या मूळ रूपात आणलं. आई म्हणाली, “आरं, कुणाचं नाव बदलतोयस एवढ्या रात्री? पोरीचं बारसं हाय काय?”

पाटलांबद्दल मी लिहीत नाही. आमच्या जिल्ह्यात पाटील या आडनावावरून माणूस ओळखायचा प्रयत्न माणसंसुद्धा करत नाहीत, तर यंत्रानं का करावा? त्यात तेच पाटील एका लेखात देवनागरीत, दुसऱ्यात रोमनमध्ये. यंत्राच्या लेखी दोन वेगळी घराणी.

शेवटी राहिला तो ‘स्कॅन०००१’. अहवालाचं पहिलं पानच स्कॅन करायचं राहून गेलं होतं, त्यामुळे शीर्षकही नाही आणि सालही नाही. आणि एके दिवशी तो पहिला परदेशी लेख पुन्हा चाळताना बघतो, तर त्याच्या संदर्भयादीत हाच अहवाल. शीर्षक, खातं, साल, ‘कोल्हापूर’ हे प्रकाशनस्थळ, सगळं टापटीप. गाडीवर दहा मिनिटांच्या ऑफिसातला कागद मी परदेशातून परत आणला. त्या संशोधकाला ईमेल करून विचारलं, हे तुम्हाला मिळालं कुठं? त्यानं फार सौजन्यानं उत्तर दिलं. पहिला मजला, खिडकीजवळचं हिरवं कपाट, तिथले क्लार्क फार चांगले आहेत, चहा पाजतात.

गेलो. क्लार्क खरोखर चांगले होते. चहा आला. मी त्या गोऱ्या माणसाचं नाव काढताच त्यांचा चेहरा खुलला. “व्हय व्हय, आल्ते की! लई गुणी माणूस. आठवडाभर बसून समदी पानं त्यांनीच स्कॅन केली. फकस्त पहिल्या पानावर चहा सांडला, म्हणून ते ऱ्हायलं. शिक्क्यावर पण उडाला थोडा.” त्यांनी कपाटातून मूळ अहवाल काढून माझ्यापुढं ठेवला. मी शीर्षक ताडून पाहिलं, साल ताडून पाहिलं, लॅपटॉप उघडला, नोंद पुरी केली. फाइलला नवं नाव पडलं: खातं, साल, आणि तीन ओळींचं पूर्ण शीर्षक.

क्लार्क खुर्ची सरकवून शेजारी आले. “सर, याची पीडीएफ हाय न्हवं तुमच्याकडं? जरा मला व्हॉट्सॲपला टाका की. साहेब कवापास्नं मागत्यात.”

टाकली. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

“आणि ह्ये एवढं लांबलचक नाव कशाला, सर? साहेबांना कसं घावायचं? ‘स्कॅन एक’ करून द्या की.”