पाणी कुठवर आलं होतं?

घरच्या ग्रुपवर पुन्हा कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाचा वाद पेटलाय. दादा म्हणतो, धरणाची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरवर गेली की फुगवट्यानं आपण संपलो. काका म्हणतात, आधी कोयना धरणातून सुटणाऱ्या पाण्याचं बोला. मी इतकंच लिहिलं, की २०१९ च्या पुरात गावात पाणी कुठल्या घरात किती चढलं, त्याचा नकाशा करून पंचायतीत लावा. त्यावर दादाचं उत्तर: "म्हणजे आमच्या प्लॉटचे भाव पाडतोस? तुला तिकडं बसून काय जातंय?"

तिकडं बसून! इथं जर्मनीत कोलोनमध्ये भाड्याचं घर घेतानाही मी आधी पूरनकाशा उघडला. पेगेल, म्हणजे नदीची मोजपट्टी, १०.६९ मीटरला गेली तर तळघरात पाणी, म्हणून चांगली जागा सोडली. १९९५ ला ऱ्हाइन तेवढी चढली होती; घरमालकानं स्वतःच सांगितलं. भाडं काही त्यानं कमी केलं नाही.

असं बोललं की दादा २०२१ ला इथल्याच आर नदीला आलेला पूर काढतो: नकाशा असून काय झालं? तिथं शंभरावर माणसं गेली, खरं आहे. पण तिथला पूरनकाशा १९४७ नंतरच्या मोजणीवर बेतलेला होता. १८०४ आणि १९१० चे महापूर त्यात धरलेच नव्हते. जुन्या माणसांना ठाऊक होतं ते कागदावर आलं नाही. मी तरी दुसरं काय सांगतोय?

उपग्रहावर सगळं सोडता येत नाही. रडारला ढगांआडून उघडं पाणी दिसतं, पण पुरुषभर उंच उसात शिरलेलं बहुधा निसटतं, आणि आपला नदीकाठ म्हणजे सगळा ऊसच. उपग्रह फिरून येईतो पूर ओसरला, तर चित्रात शेत कोरडं. मग उरते भिंतीवरची चिखलाची रेघ. घर किती टक्के पडलं यावर भरपाई ठरते, २०१९ ला कर्नाटकात पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख होते. आणि ती रेघ आपणच दिवाळीला चुना मारून पुसतो. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या मलिकवाड-दत्तवाड बंधाऱ्यावरून दूधगंगा वाहू लागली की दोन्ही राज्यांतली शेतं एकाच पाण्याखाली जातात. आपण मात्र पाणी कुणाचं यावर भांडत बसतो.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. नदीकाठच्या मळीतल्या जागेत घर बांधायचा हट्ट माझाच होता. आजोबांनी तिथं कधी गोठासुद्धा बांधू दिला नव्हता. मी पैसे पाठवले, रस्त्यालगत आहे म्हणालो, आईनं ऐकलं. ज्या माणसानं परक्या गावात तळघर बघून घर नाकारलं, त्यानं आपल्या आईसाठी नकाशा उघडला नाही.

२०१९ च्या ऑगस्टात मी रात्रभर उपग्रहाची चित्रं मोठी करकरून आमचं छप्पर शोधत होतो. आई निवारा केंद्रात होती. शेवटी काकीनं फोनवर सांगितलं, "पाणी देव्हाऱ्याला लागलं रे."

त्या नकाशातलं पहिलं घर आमचं घाला. देव्हाऱ्याची फळी, जमिनीपासून साडेचार फूट. दादा, तुझ्या सोप्यात किती होतं ते मोजून पाठव.